चार ओंजळी पाणी

माझे सासरे फ्लॉरेन्सला ज्या एका गोष्टीसाठी आले होते, ती सोडून बाकी सगळं मी त्यांना दाखवलं.

सासरे म्हणजे आमचे आण्णा. नाव आकाराम, पण त्या नावानं नदीच्या घाटावरची मंडळी सोडून कुणी हाक मारत नाही. वय शहात्तर. तरुणपणी तालमीच्या लाल मातीत घुमलेले, पुढं दूध संघात नोकरी, आता निवृत्त. चाळीस वर्षं झाली, पहाटे टॉवेल खांद्यावर टाकून पंचगंगेच्या घाटावर जायचं, पोहायचं आणि उजाडलं की शुक्रवार पेठेतल्या घरी परत यायचं. महापुराचे दिवस सोडले तर खाडा नाही. घरात गिझर आहे, पण तो आम्हा बाकीच्यांसाठी. आण्णा म्हणतात, "नळाच्या पाण्यानं अंग भिजतंय, आंघोळ हुईत न्हाय."

मी संयोगिता. शाळेत गणित शिकवते. वेळापत्रकाशिवाय मला श्वास घेता येत नाही, असं माझा नवरा ऋतुराज म्हणतो. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहे. नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी कंपनीनं त्याला दोन महिने इटलीत, बोलोन्याजवळ पाठवलं. तेव्हा परीक्षा संपल्या की आम्ही सगळ्यांनीच तिकडं जायचं ठरलं. मी, आठ वर्षांचा पृथ्वीराज, चार वर्षांची निशिगंधा आणि आण्णा. आण्णा नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, खरं सांगायचं तर थोडी आशाच होती. त्यांनी फक्त विचारलं, "तिथनं फ्लॉरेन्स किती लांब?"

कोल्हापूरकराला यामागचं कारण सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. दीडशे वर्षांपूर्वी आमचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वीस-एकवीस वर्षांचं वय. तिथल्या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. त्या जागी आजही त्यांची छत्री, म्हणजे चार खांबांवरची घुमटी, उभी आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेला अर्धपुतळा आहे. त्या छत्रीचं पेपरातलं एक कात्रण आण्णांच्या पाकिटात कधीपासून होतं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं.

"ती तेवढी बघायची," ते म्हणाले. "बाकी तुमी न्याल तिकडं."

"बघू की आण्णा, त्यात काय," मी म्हटलं.

सामान भरताना त्यांच्या बॅगेत तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली पाण्याची छोटी बाटली दिसली. "तिकडं पाणी मिळतं, आण्णा," मी म्हटलं. "असू दे की," ते म्हणाले. म्हाताऱ्या माणसांच्या बॅगा कशानं भरलेल्या असतात हे मला ठाऊक आहे, म्हणून मी सोडून दिलं. कशाचं पाणी, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

फ्लॉरेन्ससाठी दोन दिवस होते. ऋतुराजला सुट्टी नव्हती, त्यामुळे दोन मुलं, एक ढकलगाडी आणि आण्णा असा लवाजमा माझ्या एकटीच्या गळ्यात. पहिला दिवस तसा छान गेला. त्या गावात रस्त्यांना सगळीकडं दगडी फरशी, त्यावरून ढकलगाडी ढकलताना माझे खांदे निघून आले. शेवटी आण्णांनी निशिगंधाला उचलून खांद्यावर घेतलं आणि गाडीत भडंगाची पिशवी ठेवली. मोठ्या चौकात एक उघडा, संगमरवरी, उंचापुरा पुतळा आहे. सगळं जग त्याच्यासमोर फोटो काढत होतं. आण्णा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि मला म्हणाले, "अंग तालमीतलं हाय. खांदा बघ, मांडी बघ. पण लंगोट कुठं ठेवलाय ह्यानं?" पृथ्वीराज हसून हसून खाली बसला. बाजारात एक पितळी डुक्कर आहे, त्याचं नाक चोळलं की माणूस पुन्हा त्या गावी येतो म्हणतात. मुलांनी चोळलं, मी चोळलं. आण्णांनी हात लावला नाही. म्हणाले, "आदी आलोय त्ये काम हू दे."

छत्रीचं मी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लावलं होतं. कागदावर लिहिलेलंही होतं. अकराला मोठ्या चर्चचा घुमट, एकला जेवण, दोनला छत्री, पाच चाळीसची गाडी. छत्री गावाच्या पार टोकाला, मोठ्या बागेच्या शेवटी, चार-पाच किलोमीटरवर. टॅक्सीनं जाऊन-येऊन दीड तास पुरला असता. गणित बरोबर होतं.

घुमटाला चारशे त्रेसष्ट पायऱ्या. निशिगंधानं चढणं शक्यच नव्हतं, म्हणून आण्णा तिला घेऊन खाली चर्चच्या पायरीवर बसले आणि पृथ्वीराजला घेऊन मी वर गेले. वर गेल्यावर मला खाली यावंसं वाटेना. सगळी लाल कौलं, मधून नदी. मी चाळीस तरी फोटो काढले. आम्ही खाली आलो तेव्हा निशिगंधा त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि आण्णांनी टोपी काढून तिच्या तोंडावर सावली धरली होती. स्वतःचं डोकं उन्हात. "पाय मेलं माजं," एवढंच म्हणाले आणि हसले.

जेवण उरकेपर्यंत पावणेदोन झाले. आणि मग आम्ही चामड्याच्या बाजारातून गेलो.

मुलांमुळे छत्री राहिली, असं मी ऋतुराजला सांगितलं, माझ्या आईला सांगितलं, शाळेतल्या बायकांना सांगितलं. इथं खरं लिहिते. छत्री माझ्या पर्समुळे राहिली. विटकरी रंगाची, खांद्याला लावायची पर्स. मी एक दुकान बघितलं, मग दुसरं, मग पहिल्यात परत आले. दोनदा आण्णा दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, छत्रीचं कसं?" माझ्या हातात दोन पर्सा होत्या आणि दुकानदार माझ्याकडं बघत होता.

"आण्णा, कोल्हापुरात घाटावर छत्र्यांची रांग आहे. रोज उठून बघता की! इतक्या लांब येऊन पुन्हा छत्रीच बघायची का?"

हे मी बोलले. मोठ्यानं, वर्गात बोलते तशा आवाजात. आण्णांनी मान हलवली आणि ते बाहेर जाऊन ढकलगाडीचा दांडा धरून उभे राहिले.

पर्स घेऊन निघालो तेव्हा तीन वाजत आले होते. अजूनही जाता आलं असतं. पण चौकात लाकडी घोड्यांचं मोठं चक्र फिरत होतं आणि मुलांनी तिथं बसकण मारली. पर्सचं माझ्या मनाला कुठंतरी लागत होतंच, त्यामुळे मुलांना नाही म्हणवेना. एक फेरी झाली, दुसरी झाली, आईस्क्रीम झालं, तिसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीतून उतरताच निशिगंधानं सगळं आईस्क्रीम ओकून टाकलं. फ्रॉकवर, हातांवर, माझ्या चपलांवर. ती किंचाळायला लागली. माझ्याजवळचं पाणी संपलेलं. आण्णांच्या खांद्याच्या पिशवीतून बाटलीचं टोक दिसत होतं. मी ती ओढून काढली, झाकण फिरवलं आणि तिचे हात धुवायला लागले.

"अगं, त्ये..." आण्णांचा हात पुढं आला.

"काय, आण्णा?" मी वर न बघता ओरडले. "दिसत नाही का, किती घाण झालीय!"

त्यांचा हात तसाच थांबला. मग ते खाली उकिडवे बसले, निशिगंधाचं मनगट त्यांनी हळू धरलं आणि म्हणाले, "धू. पोरीचं तोंड धू आदी."

मी तोंड धुतलं, फ्रॉक धुतला आणि उरलेलं माझ्या चपलांवर ओतलं. रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेले तर आण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. चार वाजून गेले होते. "आता काही जमत नाही, आण्णा," मी म्हटलं, "पुन्हा येऊ की आपण." ते म्हणाले, "व्हय की."

स्टेशनच्या बाहेर एका झाडाच्या बुंध्याशी ते वाकले. काही पडलं असेल असं वाटलं, मी लक्ष दिलं नाही.

गाडीत मुलं समोर बसली. आण्णा खिडकीपाशी, डोळे मिटून. पृथ्वीराज बराच वेळ माझ्याकडं बघत होता. मग पुढं वाकून हळूच म्हणाला, "आई, ते पाणी राजाचं होतं."

"कुठलं पाणी?"

"बाटलीतलं. पंचगंगेचं. निघायच्या आधी मी आजोबांबरोबर घाटावर गेलतो. सगळ्यांनी एक एक ओंजळ घातली. जोतीराम आजोबांनी, बाळासो आजोबांनी, शमशुद्दीनचाचांनी आणि आपल्या आजोबांनी. राजाला मरताना आपल्या नदीचं पाणी मिळालं नाही ना. ते तिथं नेऊन घालायचं होतं."

मला आधी काय वाटलं सांगू? मला राग आला. पंचगंगेच्या त्या पाण्यानं मी पोरीचं तोंड धुतलं, आता तिला काही झालं तर! हा माझा पहिला विचार. दुसरा विचार यायला पाच मिनिटं लागली, आणि तो आल्यावर मला खिडकीकडं बघवेना. आण्णांचे डोळे मिटलेले होते, पण टोपी हातात होती आणि बोटं तिच्या काठावरून फिरत होती. जागा माणूस कसा बसतो ते मला कळतं. मी "आण्णा" म्हणून हाक मारायला हवी होती. पण त्यांनी डोळे उघडले असते, आणि मग बोलायचं काय, ते मला सुचेना.

पुढचे आठ दिवस त्या पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. आण्णा ऋतुराजला घुमटाबद्दल, घोड्यांच्या चक्राबद्दल सांगत राहिले. त्यानं छत्रीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "पोरास्नी झेपलं नसतं. लई लांब हाय." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आम्ही शनिवारी कोल्हापूरला पोचलो. रविवारी सकाळी दहाला घाटावरची मंडळी घरी आली. जोतीराम वस्ताद चौऱ्याऐंशीचे, गुडघ्यामुळे हल्ली घाटाच्या वरच्या पायरीवरच बसतात. त्यांना बाळासोंनी रिक्षातून आणलं होतं. बाळासोंची देवळाजवळ हार-फुलांची गाडी आहे. मागून शमशुद्दीनचाचा आले. त्यांनी जन्मभर शिवणकाम केलं, आणि पोहण्यात आजही बाळासोंना आणि आण्णांना मागं टाकतात. मी चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

"मग आकाराम," वस्तादांनी बसल्या बसल्या विचारलं, "गेलतास न्हवं?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"गेलतो की," आण्णा म्हणाले.

"बोल की मग! सगळं सांग."

आण्णा सांगायला लागले. चार खांब आहेत. वर घुमटी. रंग अजून शाबूत. मध्ये महाराज, अंगावर दागिने, तोंड नदीकडं. बाजूला झाडी दाट, आपल्या रंकाळ्यावरही नाही इतकी. दोन नद्या कुठं मिळतात तेही त्यांनी हातानं दाखवलं. त्या कात्रणातलं आणि कुणाकुणाकडून ऐकलेलं सगळं चाळीस वर्षं त्यांच्या डोक्यात होतं, आता फक्त बाहेर येत होतं. ज्या माणसानं दूध संघात साहेबाच्या तोंडावर खरं बोलून बढती घालवली, तो माणूस स्वतःच्या घरच्या पुढच्या सोप्यात बसून न अडखळता खोटं बोलत होता. आणि कशासाठी, तर आत स्वयंपाकघरात मी होते म्हणून.

"आनि पाणी?" शमशुद्दीनचाचांनी विचारलं.

"घातलं. चौघांची नावं घेतली. तुजंबी."

"बस्स," चाचा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी चहा घेऊन बाहेर गेले. तेवढ्यात आण्णांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि आतला एक करडा खडा वस्तादांच्या हातावर ठेवला. "संगमावरचा हाय."

तो स्टेशनबाहेर झाडाच्या बुंध्याशी वाकून उचललेला खडा होता. जोतीराम वस्तादांनी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. त्यांनी तो कपाळाला लावला, मग एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला.

मला ते बघवलं नाही. कोपऱ्यात पृथ्वीराज उभा होता आणि तो खड्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता. खोटं बोलला म्हणून याच पोराला मी मागच्याच महिन्यात कोपऱ्यात उभं केलं होतं.

"काका, तो खडा तिथला नाही," मी म्हणाले. "आम्ही छत्रीला गेलोच नाही."

मग मीच बोलत सुटले. मुलं दमली होती, निशिगंधाला उलटी झाली, वेळ उरला नाही, ते पाणी कसलं ते मला माहीत नव्हतं, मी त्यानं पोरीचे हात धुतले, चूक माझी, आण्णांची काही नाही. मी रडायलाही लागले. सगळं सांगितलं. पर्सचं तेवढं सांगितलं नाही. तीसुद्धा तिथंच, दाराच्या खुंटीला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होती.

माझं संपलं तेव्हा मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, "जाऊ दे गं पोरी." पण माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. तिघंही आण्णांकडं बघत होते. रागानं नाही. नवीन माणसाकडं बघावं तसं. आणि आण्णा खाली फरशीकडं.

"म्हंजे आकाराम..." बाळासो म्हणाले.

"नावंबी घेतली म्हणालास," शमशुद्दीनचाचा हळू म्हणाले. "माझंबी."

वस्तादांनी तो खडा ट्रेमध्ये, चहाच्या कपाशेजारी ठेवला. अगदी हळू ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. तिघांनी चहा घेतला, कारण कोल्हापुरात कुणाच्या घरचा चहा टाकून जात नाहीत. निशिगंधाच्या डोक्यावरून हात फिरवला. "येतो, पावणं," असं एरवी आण्णांना चिडवून निघणारे बाळासो त्या दिवशी नुसतं "येतो" म्हणाले.

रिक्षा गेल्यावरही आण्णा सोप्यातच बसून होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आण्णा, माझं चुकलं."

"तिकडं चुकलं त्ये चुकलं," ते म्हणाले. "पोरं बरोबर असली की हुतंय तसं. मी गिळलंतं त्ये." मग माझ्याकडं बघितलं. "आज कशाला बोललीस?"

"मला सहन झालं नाही."

"व्हय. तुजं झालं मोकळं." त्यांनी ट्रेमधला खडा उचलला, बघितला आणि खिशात टाकला. "चाळीस वर्सं त्यांच्यासंगं पाण्यात उतरतोय मी. आता म्या काय तोंड घिऊन उतरू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो सोसला असता, कदाचित भांडलेही असते. माझा स्वभावच तसा आहे. ते खरंच विचारत होते. मी खरं बोलले होते, त्यातलंही सोयीचं तेवढं. आणि खोटं ठरले ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती सवयीनं. रोज त्या वेळी दाराची कडी वाजते. कडी वाजली नाही. मी बाहेर येऊन बघितलं तर टॉवेल दोरीवर होता आणि आण्णा अंथरुणात उठून बसले होते. कुठून तरी कोकिळा ओरडत होती, घराच्या भिंतीही अजून रात्रीच्या उकाड्यानं तापलेल्या. साडेपाच झाले, सहा झाले. उजाडलं. एवढ्यात घाटावर बाळासो आणि चाचा पाण्यात उतरले असतील, किंवा तिघंही वाट बघत वरच्या पायरीवर बसले असतील. मला त्यांना जाऊन सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार, आणि आता माझं ऐकणार कोण.

सव्वासहाला आण्णा न्हाणीघराच्या दाराशी आले. टॉवेल खांद्यावर होता.

"पोरी, जरा गिझर लाव."

"आण्णा, घाटावर..."

"गार पाणी सोसंना आता," ते म्हणाले. "वय झालं न्हवं."

मे महिना होता. दुपारी नळाला गरम पाणी येत होतं. म्हणजे हेही खोटंच होतं, आणि तेही माझ्यासाठीच. या खेपेला मी काही बोलले नाही. हात वर करून बटण दाबलं आणि पाणी तापेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.